धुऱ्यावरच्या टेंभराचा गाभा

नाकाडोंगरीच्या अलीकडच्या त्या गावात हेमराज मिस्त्रीला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्याच्या लग्नातला किस्सा ठाऊक नाही अशी बाई नाही. किस्सा एकेचाळीस वर्षांपूर्वीचा. पण गोदावरीबाईच्या तोंडात दात आहेत तोवर तो शिळा होणार नाही, आणि दात गेले तरी हिरड्या आहेतच.

ही गोदावरीबाई नात्याने हेमराजची चुलतमावशी आणि शेजारीण. कोणाच्या घरी कोणती भाजी शिजली, हे तिला ती भाजी चुलीवरून उतरायच्या आधी कळे. लग्न विहारासमोरच्या मांडवात होतं. नवरी गिरजा पांढरं लुगडं नेसून उभी. रंग असा, की वैशाखातलं ऊनही तिच्यापर्यंत येऊन जरा विचारात पडावं. गोदावरीबाईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं आणि साऱ्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाली, "हेमराजनं टेंभराचं लाकूड आणलं बापा. वरून पांढरं, आत काळं."

मांडव हसला. नवरदेवानं अशा वेळी खाली मान घालून उभं राहायचं असतं. पण हेमराज पडला लाकडाचा माणूस, आणि लाकडाबद्दल कोणी काही बोललं की त्याला गप्प बसवत नसे. तो म्हणाला, "मावशे, टेंभरातलं पांढरं चुलीत जाते. भाव काळ्यालेच भेटते."

गिरजानं त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्याकडे मान वर करून पाहिलं म्हणतात. खरंखोटं गोदावरीबाईला माहीत.

आता हे टेंभर म्हणजे काय, हे त्या मुलुखात ज्याला विचाराल तो वेगळं सांगेल. पोरासोरांना विचारा, टेंभर म्हणजे उन्हाळ्यातलं पिवळं, गोड, दाताला चिकटणारं फळ. पानं विकत घेणाऱ्या फडीवरच्या मुंशीला विचारा, तो त्याला तेंदू म्हणतो आणि तेंदू म्हणजे पान. बिडीचं पान. त्या पानाखाली एक झाड उभं असतं, ही गोष्ट त्याच्या खिजगणतीत नाही. तुमसरच्या लाकडाच्या आरा-मशीनवर इश्वर मिस्त्री म्हणून एक म्हातारा होता. हेमराज त्याच्याच हाताखाली सुतारकी शिकला. तो या झाडाला आबनूस म्हणायचा आणि ते नाव घेताना हातातली बिडी आधी विझवायचा. ती बिडी त्याच झाडाच्या पानात गुंडाळलेली असायची, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नाही. त्याच्या मते आबनूस म्हणजे फक्त गाभा, म्हाताऱ्या झाडाच्या पोटातला. काळा, लोखंडासारखा जड, पाण्यात टाकला तर दगडासारखा तळाला जाणारा. वय झालं की आपोआप धरतो, असं तो सांगायचा. आणि गोदावरीबाईच्या तोंडी टेंभर म्हणजे हेमराजची बायको.

हेमराजनं मात्र मांडवातला शब्द मनाला लावून घेतला. त्याची दीड एकर धानाची बांधी होती, तिच्या धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, मनगटाएवढं एक टेंभर होतं. लग्नानंतरच्या आठवड्यात तो गिरजाला तिथे घेऊन गेला. झाडाला पांढऱ्या कापडाची चिंधी बांधली आणि सांगितलं, हे मोठं होईल तेव्हा याचा गाभा काढून तुला दाखवीन. ती म्हणाली, "दाखवून काय करू? काळं पाहाले घरी आरसा हाय."

हसत म्हणाली. पण चिंधीची गाठ तिनेच पक्की केली.

तेंदूचं मोठं झाड राखणं म्हणजे त्या भागात अर्धा वेडेपणा. दर फाल्गुनात ठेकेदाराची माणसं झुडपं बुडातून छाटतात, म्हणजे नव्या फुटव्याला कोवळी, मोठी पानं येतात. झाड वाढू दिलं तर पान उंच जातं आणि जाड होतं, मग त्याची बिडी होत नाही. म्हणून जंगल टेंभरानं भरलेलं आणि त्यात कमरेच्या वर गेलेलं एक मिळायची मारामार. अशा गावात हेमराज एका टेंभराला तळहाताच्या फोडासारखं जपत होता. मोहफुलं वेचायच्या दिवसांत लोक झाडाखालचा पाला पेटवतात. ती आग पोचू नये म्हणून तो भोवताली चर खणायचा. बकऱ्यांवरून दोन भांडणं झाली, त्यातलं एक पोलीस पाटलापर्यंत गेलं. मुलगा प्रफुल्ल लहान असताना झोका बांधायला निघाला तर हेमराजनं त्याच्या हातातला दोर काढून घेतला. सालीला काचेल म्हणे. गावानं ठरवून टाकलं, हेमराजच्या दोन बायका, एक घरात आणि एक धुऱ्यावर. गिरजाबाईच्या कानावर ते गेलं तेव्हा ती म्हणाली, धुऱ्यावरचीच लाडकी आहे, तिला स्वयंपाक करावा लागत नाही.

दर वर्षी धान कापून झालं की ती विचारायची, "चिरता का औंदा?"

तो बुंध्याला वीत लावून पाहायचा आणि म्हणायचा, "आखीन थांब. आताच चिरलं त पांढरं निघन."

असं थांबता थांबता प्रफुल्ल मोठ्या शाळेत गेला. तेव्हाच हेमराज ज्या राइस मिलमध्ये सुतारकाम करायचा ती बंद पडली. दोन वर्षं बंद होती. हाताला काम नाही म्हणून तो घरात रंधा घासत बसायचा. रंधायला लाकूड नसे, तो रंध्यालाच धार लावत बसे. गिरजाबाई पान तोडायला जाऊ लागली. पहाटे टोपली घेऊन निघायची आणि दुपारी ओसरीवर बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधायची. तिच्या पुड्यातली पानं फडीवर वेगळी उठून दिसत, कोवळी आणि पंज्याएवढी. मुंशी विचारायचा, कुठून आणता बाई? ती म्हणायची, जंगलातून. कुठल्या जंगलातून, ते सांगत नसे. पान तोडणारी बाई आपली जागा सांगत नाही, म्हणून कोणी खोदून विचारलं नाही.

त्याच वर्षांत धुऱ्यावरच्या टेंभराभोवती फुटव्यांचं रान माजलं. हेमराज हरखला. बायकोला मुद्दाम बोलावून दाखवलं, पाहा, राखण केली तर झाड कसं पिल्लं काढतं. गिरजाबाईनं पाहिलं आणि म्हणाली, "हाव जी. तुमच्या राखणीचंच होय हे."

गोदावरीबाई तेव्हा बाजूच्या बांधीत निंदत होती. तिला अचानक खोकला आला आणि ती बराच वेळ पदरात तोंड घालून खोकत राहिली.

मिल पुन्हा सुरू झाली. प्रफुल्ल शिकला, तुमसरला नोकरीला लागला, भावनाशी लग्न झालं. झाड दोन हातांच्या कवेत मावेनासं झालं. गिरजाबाईचं विचारणं चालू राहिलं आणि हेमराजचं थांबवणंही. खरी गोष्ट अशी, की पुढे पुढे त्याला भीती वाटू लागली होती. लाकूडवाले जाणतात, टेंभराच्या पोटात काळं आहे का नाही हे वरून कोणालाच सांगता येत नाही. म्हाताऱ्या झाडातही कधी बोटभर निघतं, कधी निघतच नाही. चिरलं आणि नसलं तर मांडवात बोललेल्या शब्दाचं काय करायचं? न चिरलेल्या झाडात काळं असतंच.

मागच्या वैशाखात गिरजाबाईला भंडाऱ्याला दवाखान्यात ठेवलं. पोटात गाठ निघाली, ती फार पुढे गेलेली होती. चौथ्या दिवशी दुपारी प्रफुल्ल औषधं आणायला गेला होता. खाटेजवळ हेमराज एकटाच होता. तिनं डोळे उघडले.

"एक विचारू का? त्यात काळं हाय, का नाही?"

"कशात?"

"आता नोका येड घेऊ."

हेमराज म्हणाला, "हाय."

"पाह्यलं?"

आयुष्यात त्या माणसानं फळीला फळी न जुळणारी एक चौकट केली नसेल. पण त्या वेळी तो म्हणाला, "पाह्यलं. गिरमिटानं भोक पाडून पाह्यलं. काळंकुट्ट हाय."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवली. दोन दिवसांनी गेली. बावनथडी नदीच्या काठी तिला अग्नी दिला आणि राख त्याच पाण्यात सोडली.

त्यानंतर हेमराजचं झोपेशी वाकडं झालं. बायको गेल्याचं दुःख सगळ्यांना दिसत होतं, त्याबद्दल लोक येऊन बोलतही होते. पण दुसरं एक होतं, ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. गिरजाबाई त्याच्या तोंडचा एक शब्द घेऊन गेली होती. तो खरा की खोटा, हे त्यालाच माहीत नव्हतं. झाडात काळं असलं तर तो फक्त थोडं आधी बोलला होता. नसलं तर मरत्या बाईला त्यानं फसवलं होतं, आणि तेही चाळीस वर्षं वाट पाहायला लावून.

त्यात फोटोचं झालं. गिरजाबाईला फोटोचा कंटाळा, म्हणून घरात धड एकही नव्हता. निवडणुकीच्या ओळखपत्राच्या वेळी काढलेला तेवढा एक होता. प्रफुल्लनं तो तुमसरच्या एका स्टुडिओत नेऊन मोठा करून आणला. स्टुडिओवाल्यांची एक रीत असते. मेलेल्या माणसाला ते जाता जाता गोरं करून देतात आणि त्याचे पैसे वेगळे घेत नाहीत. सोनेरी चौकटीतून गव्हाळ रंगाची, गालावर गुलाबी छटा असलेली एक बाई मंद हसत होती. भावनाला फोटो फार आवडला. हेमराज पुष्कळ वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "हे बाई कोण होय?"

भावनाच्या डोळ्यात पाणी आलं. "मामाजी, असं काय बोलता? आई होय ना."

"तुही आई काळी होती," हेमराज म्हणाला. "हे त माया घरची नाही."

त्याच दिवशी त्यानं सांगून टाकलं, वर्षाचा कार्यक्रम होण्याआधी धुऱ्यावरचं टेंभर तोडायचं आणि त्याच्या गाभ्याची चौकट करायची.

परवानगीचा अर्ज केला तेव्हा पाहायला आलेला वनरक्षक तरुण होता. तो म्हणाला, तेंदूचं झाड कशाला तोडता काका, पान तोडा. हेमराजनं त्याला आबनूस म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि कागदावर तेंदूच लिहिलं. चार महिन्यांनी परवानगी आली.

झाड पाडलं चैत्राच्या शेवटी. हेमराजनं एकदा बुंध्यावर हात ठेवला आणि मग प्रफुल्लला करवत धरायला लावलं. गुडघ्याएवढा खुंट सोडून कापलं. खोड बैलगाडीनं अंगणात आणलं. बातमी आधीच पोचली होती. गोदावरीबाई बसायला पाट घेऊन आली, म्हणाली, एकेचाळीस वर्षांपासून तिकीट काढून ठेवलंय, खेळ तर पाहू द्या.

पहिला काप घेतला. आत पांढरं. नुकत्या सोललेल्या मुळ्यासारखं, कुठे किंचित गुलाबी. हेमराज म्हणाला, शेंड्याकडे असंच असतं. मध्ये घेतला. पांढरं. बुडाकडे घेतला. करवतीचा भुसा पडत होता तोही पिठासारखा पांढरा, आणि हेमराज तो ओंजळीत घेऊन पाहत होता, जणू त्यात तरी एखादा काळा कण असेल. शेवटी खोड उभं चिरलं. दोन फाकी दोन बाजूंना पडल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत डाग नाही.

भावना हळूच म्हणाली, मामाजी, याचीच करा ना चौकट, छान दिसेल. हेमराज ऐकत नव्हता. तो फाकीवर बसला. हाताची बोटं त्या पांढऱ्यावर फिरत होती आणि ओठ हलत होते. जवळ उभ्या असलेल्या प्रफुल्लला ऐकू आलं. बाप 'पाह्यलं, पाह्यलं' असं काहीतरी पुटपुटत होता. प्रफुल्लला त्याचा अर्थ लागला नाही.

लोकांनी गोदावरीबाईकडे पाहिलं. एवढी मोठी संधी आयुष्यात पुन्हा येणार नव्हती. पण म्हातारी हसली नाही. हसली नाही हे पाहून लोक घाबरले आणि एकेक करून निघून गेले. अंगण रिकामं झालं तेव्हा तिनं पाट ओढत हेमराजच्या जवळ आणला.

"बुड पाह्यलं का?"

"बुडातलाच काप होय हा."

"जमिनीतलं बुड म्हनतो मी. मुळाजोळचं." अंगणात कोणी उरलं नाही ना, ते तिनं पाहून घेतलं. "तुया बायकोनं मले आन घातली होती. ते गेली. आता कोनासाठी पाळू?"

मग तिनं सांगितलं. मिल बंद होती त्या वर्षी फाल्गुनात तिनं गिरजेला धुऱ्यावर पाहिलं होतं. टेंभराच्या मुळ्या उघड्या करून गिरजा त्यांच्यावर कुऱ्हाड मारत होती. मूळ दुखावलं की जखमेतून फुटवा फुटतो आणि त्या फुटव्यासारखं पान जंगलात शोधून सापडत नाही. मारून झालं की ती माती सारखी करायची आणि वर पाला टाकायची. तीच पानं फडीवर जायची आणि त्यांच्यावरच घर चालायचं. मिल सुरू झाल्यावरही तिनं सोडलं नाही, प्रफुल्लचं शिक्षण संपेपर्यंत दर फाल्गुनात तिचं हे चालू होतं. गावाची एकही गोष्ट पोटात न ठेवणाऱ्या बाईनं ही एक ठेवली होती.

"उलट्या कुऱ्हाडीनं मारे," गोदावरीबाई म्हणाली. "मारे अन् झाडाले म्हने, माफ कर व माय, मालकाले नोको सांगू." तिनं पदरानं नाक पुसलं. "माहा बाप मुसळं करे टेंभराचे. तो म्हने, घाव लागल्याबगर काळं धरत नाही ते. तू त त्याले नखही लागू नाही देल्लं. त्याच्यात कुठून येईन काळं?"

हेमराजनं तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत हे का सांगितलं नाहीस, असं त्याच्या तोंडावर होतं. ते तिला कळलं.

"तू इचारलंच नाही कधी," ती म्हणाली. "तुले सारंच ठाऊक होतं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच सब्बल घेऊन धुऱ्यावर गेला. खुंटाभोवतीची माती काढत काढत हातभर खाली गेला. तिथे ते होते. मिटलेल्या ओठांसारखे जुने घाव, एकावर एक, फुगून भरून आलेले. काही खोल, काही भीत भीत मारलेले. त्यानं जाड मूळ करवतीनं कापलं, तेव्हा दातांचा आवाज बदलला. भुसा काळा पडू लागला.

काळं होतं. कोळसा काळा असतो पण तो मेलेला असतो. हे ओलं, जड, चकाकणारं काळं होतं. सरळ नव्हतं. जिथे जिथे घाव पडला होता तिथून ते आत शिरलं होतं आणि वाकडंतिकडं खुंटाच्या बुडाशी एकत्र झालं होतं. हेमराजनं त्याच्यावर अंगठा टेकवला.

आधी त्याला एकदम हलकं वाटलं. शब्द खरा निघाला होता. आणि मग ते हलकेपण टिकलं नाही. ज्या खोडाला त्यानं एकेचाळीस वर्षं जपलं, ते पांढरं. काळं होतं ते तिनं मारलं तिथे, आणि मारावं लागलं ते त्याच्याच्यानं घर चाललं नाही म्हणून. दर साली ती याच जागी उभी राहून विचारायची, चिरता का औंदा? तेव्हा ते तिच्या पायाखाली हातभर खोल होतं. तिनंच आणलेलं होतं, आणि तिलाही माहीत नव्हतं. एक वेळ कुदळ मारून दाखवलं असतं तर तिनं पाहिलं असतं. तो खड्ड्यातच बसून राहिला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा प्रफुल्ल शोधत आला आणि त्याला हात धरून वर काढलं.

निघालेलं काळं मोठ्या फोटोला पुरण्यासारखं नव्हतं. तुकडे आखूड आणि वाकडे. त्यातून पोस्टकार्डाच्या निम्म्याएवढी एक लहान चौकट झाली, तिचीही एक बाजू दोन तुकडे सांधून. त्यात हेमराजनं ओळखपत्राच्या वेळचा तो मूळ फोटो बसवला. त्यात गिरजाबाई काळी होती आणि फोटोवाल्यावर चिडलेली होती.

वर्षाच्या कार्यक्रमाला दोन्ही फोटो टेबलावर होते, मागे सोनेरी चौकटीतली गोरी बाई आणि पुढे ही. वंदना झाली. आलेल्या बायका वाकून मोठ्या फोटोला फुलं वाहत होत्या. गोदावरीबाईची पाळी आली तेव्हा ती लहान चौकटीपुढे थांबली, डोळे बारीक करून पाहिलं. "हे पाह्य," ती म्हणाली, "हे आमचं टेंभर." हसायला तिनं तोंड उघडलं होतं, पण हसू काही आलं नाही. भावनानं तिला धरून बाजूला बसवलं.

जेवणं आटोपल्यावर हेमराज प्रफुल्लच्या गाडीवर मागे बसून बावनथडीवर गेला. वैशाखातली नदी. वाळूच जास्त, खडकाजवळ पोटरीएवढा एक डोह. प्रफुल्लला वर थांबायला सांगून तो खाली उतरला. खिशात टेंभराच्या दोन चिपा होत्या, एक पांढरी आणि एक काळी. पांढरी सोडली, ती पाण्यावर फिरत फिरत काठाला आली. मग त्यानं काळी सोडली. ती कुठे फिरली नाही, सरळ खाली गेली.

"हाय म्हनलो होतो ना व," तो पाण्याला म्हणाला. "आधी पाह्यलं नव्हतं. आता पाह्यलं."

पाणी एवढं उथळ होतं की ती चिप तळाच्या वाळूवर पडलेली स्वच्छ दिसत होती. वरून प्रफुल्लनं दोनदा हॉर्न वाजवला. तिसऱ्यांदा वाजवला नाही. गाडी बंद करून तो सावलीत बसला आणि बाप येईपर्यंत तिथेच बसून राहिला.